बावन्न गढ, चार बटणं

शहाण्या माणसाने कधीही करू नयेत अशा कामांत एक काम मला अतिशय प्रिय आहे: चार मित्रांनी कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन बोलत बोलत खेळायचा खेळ तळहाताएवढ्या यंत्रात बसवणं. या कामावरचे सगळे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि सगळे मान्य आहेत. ते वेळ खातं. त्यात पैसा सुटत नाही. आणि ते पुरतं कधीच साधत नाही. मूळ खेळातला सर्वांत चांगला भाग नेमका बाहेर राहतो. तरीही, किंबहुना याच कारणांसाठी, ते करणाऱ्यांची बाजू मी घेणार आहे. शहाण्यांना वकिलाची गरज नसते. खुळ्यांना असते.

खेळ कोणता, ते आधी थोडक्यात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापून विकायला काढला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती. या खेळाला पट लागतोच असं नाही. एक जण सूत्रधार होतो, खेळणारे त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, त्याचं बळ, चपळाई, अक्कल कागदावर आकड्यांत मांडतात. डीएम सांगतो, समोर दरी आहे, पलीकडे मशाल हलते आहे, तुम्ही काय करता? खेळणारा जे म्हणेल ते त्याच्या पात्राने केलं. जमेल की नाही याची शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि गोष्ट पुढच्या रविवारी पुढे चालू होते.

‘तुम्ही काय करता?’ एवढा एकच प्रश्न म्हणजे हा सगळा खेळ. त्याला उत्तरांची यादी नसते. यंत्राला मात्र यादीशिवाय काहीच येत नाही. निन्टेन्डोच्या गेम बॉयवर दिशा दाखवणारी फुली सोडली तर चार बटणं आहेत: ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट. माणसाच्या तोंडून निघू शकणारं कोणतंही वाक्य या चार बटणांत घालायचं, असा हा बेत आहे.

आमच्या गढ्यात माझा भाचा आणि त्याची टोळी हा खेळ खेळतात. परदेशी किल्ले आणि ड्रॅगन त्यांनी केव्हाच सोडले. भाच्याने खेळ गढ्यातच आणला. त्यात मला काही नवल वाटलं नाही. जबलपूरचा हा भाग आज मेडिकल कॉलेज, त्रिपुरी चौक आणि वाहनांच्या गर्दीसाठी ओळखला जातो, पण जबलपूर ही नंतरची गोष्ट. गढा आधीचा. गोंड राजांची राजधानी इथे होती आणि त्यांच्या राज्याला गढा-कटंगा म्हणत. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने या राज्यात सत्तर हजार गावं असल्याचं लिहून ठेवलं आहे. संग्रामशहाच्या नावावर बावन्न गढ लागतात. राणी दुर्गावती त्याची सून. वर काळ्या खडकांच्या टेकडीवर मदनमहाल, त्याच टेकडीवर एका शिळेवर जेमतेम टेकलेली दुसरी शिळा, जिला सगळे बॅलन्सिंग रॉक म्हणतात. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरं पडली, ती शिळा हलली नाही. आणि मेडिकलजवळच्या टेकडीवर पिसनहारीची मढिया. एका बाईने दळणाच्या मजुरीतून पैसा साठवून ते जैन मंदिर बांधलं, असं इथे सांगतात. त्या बाईला तिच्या काळातल्या शहाण्यांनी काय सल्ला दिला असेल, त्याची कल्पना कोणालाही करता येईल.

बाजना मठाची दंतकथा गढ्यात लहानपणीच कानावर पडते. संग्राम सागरापाशी भैरवाचं स्थान आहे. एका मांत्रिकाने राजाला तिथे नेलं, बळी देण्याचा त्याचा डाव होता. त्याने राजाला देवापुढे वाकायला सांगितलं. राजाला संशय आला. तो म्हणाला, कसं वाकायचं ते मला माहीत नाही, आपण आधी करून दाखवा. मांत्रिक वाकला आणि राजाने त्याचंच मुंडकं उडवलं. वेताळपंचविशीच्या शेवटी विक्रमाचीही हीच युक्ती आहे, त्यामुळे मुलांना ती पाठच असते. भाच्याने हा प्रसंग खेळात घेतला तेव्हा उत्तर सगळ्यांना माहीत असणार हे धरून त्याने नियम केला की ती युक्ती चालणार नाही, मांत्रिकालाही ती कथा ठाऊक आहे. मठ, अमावास्या, उकळत्या तेलाची कढई, वाकायला सांगणारा मांत्रिक. तुम्ही काय करता?

संग्रामशहाचं पात्र एका शाळकरी मुलीकडे होतं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाबाजी, इतना तेल लाए कहाँ से?”

भाच्याच्या वहीत याचं उत्तर नव्हतं. त्याला ते तिथल्या तिथे रचावं लागलं. तेल गढ्याच्या बाजारातल्या तेल्याकडून आलं. उधारीवर. उधारी कोणाच्या नावावर? राजाच्याच एका सरदाराच्या. मग कटात सरदार आला, सरदाराचा भाऊ आला, आणि ती सगळी दुपार मठात न जाता तेल्याच्या दुकानात, त्याची चोपडी चाळण्यात गेली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. त्या दुपारी दंतकथेला जे शेपूट फुटलं ते मूळ कथेपेक्षा सरस होतं, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

तोच प्रसंग आता भाच्याला गेम बॉयवर हवा आहे. जीबी स्टुडिओ नावाचं एक फुकट साधन २०१९ पासून मिळतं, ख्रिस मॉल्टबी यांनी केलेलं. प्रोग्रॅमिंग फारसं न येणाऱ्यालाही त्यात गेम बॉयचा खेळ तयार करता येतो. पण तिथे मांत्रिकासमोर उभं राहिल्यावर पडद्यावर पर्याय आधी लिहून ठेवावे लागतात. वाका. नकार द्या. तलवार काढा. तेलाबद्दल विचारा? तो पर्याय एकदा लिहिला की तो प्रत्येकाला दिसणार, आणि मग तो त्या मुलीला सुचला तसा कोणालाच सुचणार नाही. शहाणा माणूस इथे थांबतो. मला मात्र इथूनच काम सुरू झालेलं दिसतं, कारण हजार उत्तरांतून तीनच ठेवायची ठरली की कोणती तीन, हे पहिल्यांदाच मनापासून ठरवावं लागतं. टेबलावर डीएमला ते कधीच ठरवावं लागत नाही, तिथे सगळं निभावून नेता येतं.

या खुळाचा इतिहास मोठा सुंदर आहे आणि तो बहुतांश अपयशाचा आहे. मटेल कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चं नाव लावून एलसीडीचा छोटा हातातला खेळ काढला. खोल्या, खड्डे, शेवटी ड्रॅगन, बस्स. मूळ खेळातली एकही गप्प बसलेली मुलगी त्यात नव्हती. २००२ मध्ये ‘आय ऑफ द बिहोल्डर’ गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आला. २४० बाय १६० ठिपक्यांच्या पडद्यावर चार जणांची टोळी, चौकटींवरची लढाई, आणि जाडजूड नियमपुस्तकातले नियम. २००७ मध्ये प्लेस्टेशन पोर्टेबलवर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स: टॅक्टिक्स’ आला. त्याच्या कर्त्यांनी साडेतीनव्या आवृत्तीचे नियम शक्य तितके जसेच्या तसे घेतले. समीक्षकांनी तक्रार केली की एक पाऊल टाकायला मेन्यूंतून फिरावं लागतं. तक्रार खरी होती. पण मला त्या लोकांबद्दल आदर वाटतो. कडा कापून खेळ सोपा करणं त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केलं नाही. पुस्तकातला नियम पुस्तकात आहे तसा चालला पाहिजे, खेळणाऱ्याच्या अंगठ्याला कळ लागली तरी चालेल, असा हा निष्ठावंत खुळेपणा.

उलट्या दिशेचंही एक उदाहरण आहे. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांचं ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे १९८२ चं पुस्तक एकट्याने फासे आणि पेन्सिल घेऊन वाचायचं होतं. म्हणजे हातातल्या यंत्राला याहून सोयीचं काही नाही. २००९ मध्ये ते निन्टेन्डो डीएसवर आलं तेव्हा त्यातून पानं उलटणं जाऊन समोर येईल त्याला झोडपणं उरलं. सोयीचं काम सोडून अवघड काम करण्याचा हट्ट तिथेही होता, फक्त तो चुकीच्या जागी होता. सगळी खुळं सारखी नसतात, आणि स्तुती करताना हा फरक मी सोडणार नाही.

खरं यश पाहायचं तर १९८९ च्या डिसेंबरात जावं लागतं. गेम बॉय त्याच वर्षी आलेला. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा चार, कामाची मेमरी ८ केबी. त्यावर अकितोशी कावाझू यांनी ‘सागा’ केला, जो इंग्रजीत ‘द फायनल फँटसी लेजंड’ या नावाने गेला. कावाझू टेबलावरच्या खेळांचे भक्त. पहिल्या ‘फायनल फँटसी’ची लढाई त्यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ समोर ठेवून रचली होती. ‘सागा’च्या दहा लाखांवर प्रती खपल्या. पण मला त्यातली सर्वांत प्रिय गोष्ट त्यांनी मुद्दाम केलेली नाही. शेवटी समोर येतो तो जगाचा कर्ता, साक्षात देव, अतिशय कठीण. आणि हिशेबातल्या एका चुकीमुळे त्याच्यावर करवत चालवली की तो एकाच घावात मरतो. जपानी खेळाडू आजही हे आनंदाने सांगतात. त्या ८ केबीत, यादीबाहेरचं एक उत्तर कोणाच्या नकळत शिरलं होतं. बाजना मठातल्या मांत्रिकालाही आपण वाकल्यावर काय होणार ते ठाऊक नव्हतं.

आणखी एका खेळाचं नाव घेतो. ब्राझीलच्या बिहोल्ड स्टुडिओजने २०१२ मध्ये फोनसाठी ‘नाइट्स ऑफ पेन अँड पेपर’ काढला. त्यात तुम्ही योद्धे नसता, टेबलाभोवती बसलेली मुलं असता. डीएम समोर बसून सांगतो आणि पाठीमागचं जग त्याच्या बोलण्याप्रमाणे बदलतं. गोष्ट यंत्रात आणता येत नाही तर टेबलच आणू, असा त्यांचा विचार. याला मी अक्कल म्हणेन, आणि ती खुळेपणातूनच आलेली आहे.

पटावरच्या खेळांचं रूपांतर शहाणपणाने कसं होतं, तेही आपल्याकडे झालं आहे. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ काढला आणि टाळेबंदीच्या काळात घराघरांत तोच चालला. त्याच्या मुळाशी असलेल्या पचिशीचे नियम मोजके, घरं मोजकी, म्हणून ती फोनमध्ये अख्खी मावते. त्यात गैर काहीच नाही, माझ्या घरातही तो खेळला जातो. फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरशीवर पचिशीचा पट आखलेला आहे आणि अकबर तिथे सोंगट्यांच्या जागी माणसं उभी करून खेळत असे, असं सांगतात. मला त्या माणसांचं कुतूहल वाटतं. चौकटीत उभ्या असलेल्या सोंगटीने ‘मी पुढे जाणार नाही’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? तेवढ्याने पचिशीचा रोल-प्लेइंग गेम झाला असता, आणि मग तो फोनमध्ये मावला नसता.

यंत्रात शिरताना साधा फासासुद्धा किती कष्ट देतो ते जवळून बघण्यासारखं आहे. गेम बॉयच्या आत एक आकडा सतत शून्यापासून २५५ पर्यंत पळत असतो, सेकंदाला सोळा हजारांहून जास्त पावलं. बटण दाबलं त्या क्षणी तो जिथे असेल तो आपला फासा, अशी एक जुनी रीत आहे. आता २५६ आकडे वीस बाजूंत वाटायचे. वीसने भागून बाकी घेतली की काम झालं, असं वाटतं. पण वीस बारे दोनशे चाळीस. सोळा आकडे उरतात. ते पहिल्या सोळा बाजूंच्या वाट्याला जातात. म्हणजे एक ते सोळा या बाजू २५६ पैकी तेरा वेळा पडतात आणि सतरा ते वीस बाराच वेळा. ज्या वीसची वाट बघत सगळी टोळी श्वास रोखून बसते, तोच वीस यंत्रात थोडा कमी पडतो. उपाय सोपा आहे: २४० किंवा त्यावरचा आकडा आला तर तो टाकून द्यायचा आणि पुन्हा घ्यायचा. भाच्याला शेजारच्या एका इंजिनिअर काकांनी सांगितलं, इतका बारीक फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, सोडून दे. त्याने सोडून दिलं नाही. कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या अन्यायाची दुरुस्ती करण्यात त्याचा एक पूर्ण दिवस गेला. तो दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

दुसरा कष्ट अक्षरांचा. या यंत्रात पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांनी भरतो. रोमन अक्षर एका तुकड्यात बसतं. देवनागरीला शिरोरेषा लागते, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, पाय मोडलेलं अक्षर. आठ ओळींत ‘र्की’ काढून दाखवा. एकावर एक दोन तुकडे घ्यावेच लागतात, म्हणजे पडद्यावर जेमतेम नऊ ओळी, आणि वापरायला एका वेळी तुकडे २५६, त्यांतच झाडं, दगड, मदनमहालाच्या कमानी. टोळीचं ठरलं की खेळ हिंदीत करायचा, कारण गढ्यात चार घरांपैकी तीन घरांत तीच भाषा. मग एके दिवशी त्यांच्या कथेत मराठे आले.

ते यायचेच होते. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली आणि गोंड राजा महाराजशहा त्या लढाईत मारला गेला. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतलं, मग ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे. जबलपुरात वाढलेल्या मराठी मुलाला शाळेत पेशवे शिकवतात ते आपले म्हणून. या खेळात मात्र तो गोंड राजाच्या बाजूने उभा असतो आणि समोरून येणारा स्वार त्याच्या घरातली भाषा बोलतो. भाच्याने हट्ट धरला की त्या स्वाराच्या तोंडी मराठीच वाक्य हवं, बाकी सगळा खेळ हिंदीत असला तरी. पण हिंदीसाठी रंगवलेल्या तुकड्यांत ळ नव्हता आणि ‘दऱ्या’मधला तो आडवा र नव्हता. ते काढायचे तर जागा कुठून आणायची? मंडल्याच्या किल्ल्याचा एक बुरूज कमी करून त्यांनी ती आणली. शत्रूच्या ळसाठी आपल्या किल्ल्याचा बुरूज पाडणं हे व्यवहारात बसत नाही. मला यापेक्षा चांगला इतिहासाचा तास माहीत नाही, आणि यात मी तसूभरही वाढवून बोलत नाही. दुसऱ्याच्या जागी उभं राहून आपल्याच माणसांना येताना पाहणं, हे या खेळाखेरीज इतक्या सहज कुठे घडतं?

रूपांतराला नाकं मुरडणाऱ्यांना मी मंडला-दिंडोरीकडे बोट दाखवतो. परधान हे गोंडांचे कथेकरी. बाना हे वाद्य वाजवत यजमानाच्या घरी राजांच्या आणि देवांच्या कथा गायच्या, हे त्यांचं पिढ्यानपिढ्यांचं काम. समोर माणसं बसलेली असताना गायची ती कथा. दिंडोरीतल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम हा परधान तरुण ऐंशीच्या दशकाच्या आरंभी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळे भोपाळच्या भारत भवनात पोहोचला आणि जे गायलं जायचं ते कागदावर आणि कॅनव्हासवर काढू लागला. वाद्य गेलं, आवाज गेला, यजमान गेला, रात्र गेली. उरले ठिपके आणि रेषा. त्या ठिपक्यांतून एक अख्खी चित्रशैली उभी राहिली. १९८९ मध्ये त्याची चित्रं पॅरिसला मोठ्या प्रदर्शनात लागली, आणि आज त्याच्या गावात घरोघरी चित्रकार आहेत. काय काय गमावलं याचा हिशेब त्या वेळी मांडला असता तर पहिला कागद कोरा राहिला असता. गेम बॉयचेही ठिपकेच असतात.

पण मला सर्वांत जास्त काळजी आहे ती नर्रईच्या प्रसंगाची, कारण तिथे यंत्र खोटं बोलण्याची शक्यता सर्वांत जास्त. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान गढ्यावर चालून आला. राणीचं सैन्य विखुरलेलं. ती नर्रईला गेली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नर्मदा आणि गौर. पहिल्या लढाईत तिने मोगलांना मागे रेटलं. अबुल फजल लिहितो की त्याच रात्री छापा घालावा असं तिचं म्हणणं होतं, पण तिच्या लोकांनी ते मानलं नाही. सकाळी आसफखानाच्या तोफा आल्या. २४ जूनला राणीने सरमण हत्तीवर बसून शेवटची लढाई दिली, बाण लागले, आणि शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच्या हाताने मरण घेतलं.

आता हे खेळात कसं आणायचं? बहुतेक व्हिडिओ गेममध्ये खेळणारा म्हणजे सर्वाधिकारी. त्याने ‘रात्री हल्ला’ निवडलं की सैन्य निघालंच. टेबलावर असं होत नाही, कारण सरदारांची पात्रं मित्रांकडे असतात आणि मित्र ‘नाही’ म्हणतात. तिथे राणी होणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की बरोबर असूनही एकटं पडता येतं. भाच्याच्या खेळात ए बटण दाबून रात्रीचा हल्ला निवडता येतो. सरदार एकेक करून मान हलवतात. पुन्हा दाबलं, पुन्हा मान हलवतात. मग सकाळ होते. ज्यांनी ज्यांनी हा भाग खेळून पाहिला त्यांनी एकच निरोप दिला: बटण बिघडलं आहे. त्याला पुष्कळांनी सुचवलं की निदान फासा तरी टाकू दे, वीस पडला तर सरदारांना पटलं असं धर. भाचा अजून बधलेला नाही. मी त्याच्या पाठीशी आहे. त्या रात्री कोणाचाही वीस पडला नव्हता, आणि बिघडलेलं वाटणारं बटण हेच तिथलं सर्वांत खरं बटण आहे.

आपल्या मातीतलं काही हातातल्या यंत्रावर नेता येतं याची खूण पुण्याने दिली आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या लहानशा चमूने ‘राजी’ केला आणि २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आला. तो टेबलावरून उचललेला नाही, पण आपल्या देवळांच्या कमानी आणि जाळ्या एवढ्याशा पडद्यावर जिवंत राहतात हे त्याने दाखवलं. पाठीमागे पैसा उभा असो नसो, असं कोणीतरी आधी करून गेलेलं असलं की घरच्यांशी बोलणं सोपं जातं.

राहता राहिलं सिलेक्ट. तीन बटणांची कामं ठरली, चौथ्यावर टोळीत फार दिवस वाद चालू होता. ठरलं ते असं. सिलेक्ट म्हणजे ‘दुसरंच काहीतरी’. ते दाबलं की खेळ थांबतो आणि पडद्यावर येतं: यंत्र शेजारच्याला द्या. शेजारच्याने तुमचं म्हणणं ऐकायचं. म्हणजे, बाबाजी तेल कुठून आणलं. ते किती अवघड आहे हे त्याने ठरवायचं, फुलीने एक ते वीस असा आकडा लावायचा, आणि यंत्राने फासा टाकायचा, तोच दुरुस्त केलेला. पुढे काय झालं ते दोघांनी तोंडाने ठरवायचं. यंत्र फक्त चार खुणा लक्षात ठेवणार: मांत्रिक जिवंत, मेला, पळाला की आपल्या बाजूला आला. बाकीची गोष्ट माणसांच्या डोक्यात.

इंजिनिअर काकांचा आक्षेप रास्त आहे. हातातलं यंत्र एकट्यासाठी असतं. शेजारी माणूस असता तर यंत्र कशाला काढलं असतं? पण १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ लाल आणि हिरवा अशा दोन प्रकारांत निघाला तेव्हा दोन्हींत काही प्राणी मुद्दाम वगळलेले होते. दुसऱ्या मुलाचं यंत्र तारेने जोडून अदलाबदल केल्याशिवाय संग्रह पुराच होत नसे. एकट्याच्या यंत्रात दुसऱ्या माणसाची गरज पेरता येते, फक्त ती मुद्दाम पेरावी लागते.

भाच्याने पहिल्या खऱ्या कसोटीची जागाही शोधली आहे: जबलपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी आणि समोरच्या बाकावरचा अनोळखी प्रवासी. त्या माणसाला आधी पात्र म्हणजे काय ते सांगावं लागेल, मग आकडा कशाचा लावायचा ते, मग मठात कढई कशाला ते. नरसिंहपूर येईपर्यंत एवढंच होईल असा माझा अंदाज आहे. तेल्याची चोपडी उघडायला पिपरिया तरी येईल.